नीरेचे देणे

वैशाखातल्या पहाटे आमच्या वस्तीवरून ओढ्याकडे पाहिले, तर रानावर रात्रभर दहिवर पडून गोठले असावे असा भास होई. बाहेरगावचा पाहुणा हटकून फसत असे. बारामतीच्या पूर्वेकडील मुलखात, जेथे वैशाखात विहिरीतला दगडही तापतो, तेथे दहिवर कुठले? तो खार होता. बोटाला लावून चाटला तर आधी खारट व मग कडवट लागे. गावचा परीट पावसाळ्यापूर्वी त्या मातीच्या चार पाट्या खरवडून नेई आणि आजोबा त्याला कधी हटकत नसत. त्या सात एकरांतून दुसरे काही निघतच नव्हते. आम्ही मुले त्या रानाला 'पांढरी' म्हणू लागलो होतो. थोरली माणसे रागावत. कारण पांढरी म्हणजे गावठाण, माणसांच्या राहण्याची जागा, आणि त्या रानात तर हरळीसुद्धा राहायला तयार नव्हती.

आजोबांचे एक वाक्य ठरलेले होते : "नीरेने दिले, ते नीरेनेच परत नेले." दिले म्हणजे पाटाचे पाणी, ऊस, गूळ, वाड्याचा वरचा मजला. नेले म्हणजे हे खालचे रान. सरकारने पाट आणला, पाटाने खार आणला आणि आम्ही बुडालो, असा आमच्या घराण्याचा इतिहास त्या एका वाक्यात बसत असे. मी पुढे तीस-पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, अकबराची जमीनमहसूल पद्धत मुलांकडून घोकून घेतली. परंतु घरचा इतिहास कधी ताडून पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा पाणीपट्टीच्या पावत्यांच्या तळाशी एक कागद सापडला. त्या कागदाने आजोबांचे वाक्य पुरते खोटे ठरवले नाही, पण निम्मे ठरवले. तो कागद येथे सांगायचा आहे. मात्र त्याचा अर्थ लागायचा तर आधी नदीच्या मुळापर्यंत जायला हवे. मला स्वतःलाही तेथवर जावे लागले.

नीरा भोरकडच्या सह्याद्रीत उगम पावते. वेळवंडी, गुंजवणी अशा डोंगरी नद्या पोटात घेऊन ती पूर्वेस वळते, पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची सीमा आखीत जाते. डाव्या हाताला पुरंदर, बारामती, इंदापूर. उजव्या हाताला फलटण, माळशिरस. सोनगावाजवळ तिला कऱ्हा मिळते आणि नीरा-नरसिंगपूरला ती भीमेत विलीन होते. तेच पाणी पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणून ओळखले जाते. घाटमाथ्यावर वर्षाकाठी दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे येता येता तो आटत जातो आणि बारामतीस पाचशेच्या आतबाहेर, तोही लहरी. म्हणजे नदीचे माहेर श्रीमंत आणि सासर दरिद्री. पाट येण्यापूर्वी पौष-माघानंतर पूर्वेकडची नीरा म्हणजे वाळूचा पट्टा आणि मधूनमधून डोह, एवढीच उरत असणार.

जमिनीचीही कुंडली सांगितली पाहिजे. वर काळी माती; कुठे हातभर, कुठे दोन-तीन पुरुष खोल. तिच्याखाली मुरूम. मुरुमाखाली काळा पाषाण. हा पाषाण लक्षावधी वर्षे झिजून माती झाला आणि झिजताना त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार सुटले. कोकणात असे सुटलेले क्षार पाऊस धुऊन समुद्रात नेतो. आमच्याकडे पाऊस इतका बेताचा, की क्षार थोडे खाली सरकतात आणि तेथेच बसून राहतात. आमच्या रानाखाली हा ठेवा पाटाच्या आधीपासून होता. पाटाने तो आणला नाही. त्याला जागे केले. आजोबांच्या वाक्यातली पहिली चूक ही.

१८७६-७७ चा दुष्काळ दख्खनच्या माणसांनी दोन-तीन पिढ्या विसरला नाही. त्या दुष्काळातूनच नीरेच्या पाटाची निकड निघाली. वीर येथे नदीवर बंधारा घालून डाव्या तीरावरून पाट काढायचा आणि पुरंदर, भीमथडी, इंदापूर या तालुक्यांच्या कोरड्या पट्ट्यातून तो पूर्वेस न्यायचा, अशी योजना होती. (भीमथडी म्हणजे आजची बारामती-दौंडची बाजू.) १८८५ च्या सुमारास पाटाला पाणी सुटले. पाटाची लांबी सुमारे शंभर मैल. उन्हाळ्यात नदी आटते, म्हणून वर भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडीवर भाटघरचे धरण बांधले गेले. त्या जलाशयाला व्हायटिंग नावाच्या इंजिनियरचे नाव दिले होते.

हेतू सरळ होता. पाऊस चुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी, माणसे-गुरे जगावीत. पण गंमत अशी झाली की पाणी दाराशी आले आणि शेतकरी ते घेईना. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला आडमुठेपणा म्हटले. आपल्यातल्या शहाण्यांनीही म्हटले. मला तसे वाटत नाही. काळ्या रानातल्या ज्वारीला एक-दोन पाऊस वेळेवर झाले की पाटाचे पाणी लागत नाही. ती मातीतल्या ओलीवर येते. मग पाऊस पडेल या आशेने शेतकरी थांबे आणि पैसे वाचवी. पाऊस नाहीच आला, तर सगळेच एकदम पाटकऱ्याकडे धावत आणि तेव्हा पाणी पुरत नसे. दुष्काळासाठी काढलेला पाट चांगल्या वर्षी रिकामा आणि वाईट वर्षी अपुरा, असा हिशेब झाला. सरकारला भांडवलावर व्याज सुटायला हवे होते. दरवर्षी, बारा महिने आणि पैसे मोजून पाणी घेणारे पीक एकच होते. ते म्हणजे ऊस.

ऊस येथे आणला तो प्रामुख्याने सासवडच्या माळ्यांनी. कऱ्हेकाठच्या विहिरींवर पिढ्यान् पिढ्या बागाईत केलेली ही माणसे पाटाच्या मागोमाग खाली उतरली, खंडाने जमिनी घेतल्या आणि पुंड्या उसाचे मळे उभे केले. पेंड, शेणखत, बांधणी, गुऱ्हाळ या सगळ्याला पैसा लागे. तो बारामतीच्या पेठेने पुरवला आणि बारामतीचा गूळ दूरवर नावाजला. आमच्या घराने ऊस करणे त्यांच्याकडूनच शिकले, हे आजोबा मोकळेपणाने सांगत. हीच माळी मंडळी पुढे गोदावरी-प्रवरेच्या पाटांवर गेली आणि १९३० नंतर त्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. तो इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे, येथे थांबतो.

उसाला पाणी किती द्यावे, याचे ज्ञान त्या वेळी कोणालाच नव्हते. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाई, पाण्याच्या मापावर नव्हे. एकदा एकराचे पैसे भरले की पाणी जितके घ्याल तितके फुकट. पाळी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे दारे धरणारा गडी सरी तुडुंब भरूनच पुढे सरके. हे पाणी काही उसाने पिऊन संपत नाही. काही हवेत उडते, उरलेले मुरुमापर्यंत उतरते आणि ढाळ असेल तिकडे सरकू लागते. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर्षाला थोडी थोडी चढते. ती वरच्या मातीपासून हात-दीड हातावर आली, की चुलीवरच्या दिव्याच्या वातीसारखी माती ते पाणी वर ओढू लागते. ऊन पाणी उडवते. क्षार मागे राहतात.

आणि नुसते जुने क्षार नव्हेत. पाटाचे पाणी गोडच असते, पण अगदी गोड पाण्यातही क्षार असतात. लिटरमागे २०० मिलिग्रॅम धरा; पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतात, म्हणजे हे उत्तम पाणी झाले. उसाला वर्षात हेक्टरी २५,००० घनमीटर पाणी दिले, तर त्याबरोबर ५ टन क्षार रानात येऊन पडतात. एकराला दोन टन. पाणी उडून जाते, हे दोन टन उडत नाहीत. त्यांना खाली धुऊन बाहेर काढणारी वाट असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर पुढचा हिशेब शाळेतला पोरही करील.

याच्या पायऱ्यांना आमच्याकडे वेगवेगळी नावे आहेत. रान आधी 'चिबड' होते. पाऊल रुतते, ऊस पिवळा पडतो, लव्हाळा माजतो. मग 'खारवट' होते. पांढरा थर दिसू लागतो. शेवटी 'चोपण'. ही अवस्था सर्वांत वाईट, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काळ्या मातीच्या कणांना कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे तिच्यात भेगा पडतात, ढेकळे होतात, पाणी मुरते. सोडियम वाढला की तो कॅल्शियमची जागा बळकावतो आणि कण सुटे होतात. ओली असता ही माती साबणासारखी निसटते आणि वाळली की फरशीसारखी होते. मग धुऊन काढू म्हटले तरी पाणी आत शिरत नाही. अशा जमिनीत जिप्सम घालतात ते एवढ्यासाठी, की त्यातल्या कॅल्शियमने आपली जागा परत घ्यावी. पण हाकललेला सोडियम बाहेर जायला वाट हवीच.

हे सारे मला उतारवयात कळले. पण ते कळलेले माणूस १९१० साली पुण्यात होते. हॅरॉल्ड मॅन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजाचा प्राचार्य झाला. पिंपळे सौदागर या गावाची जी पाहणी त्याने १९१७ मध्ये प्रसिद्ध केली, ती अर्थशास्त्राचे अभ्यासक अजून वाचतात; त्या गावाच्या शेतांवर आता उंच इमारती उभ्या आहेत, ते असो. मॅन आणि त्याचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली नीरेच्या खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर शेतकी खात्याची एक पुस्तिका लिहिली. पाटाला पाणी सुटून तेव्हा पुरती पंचवीस वर्षे झाली होती. पंचवीस वर्षांत रोगाचे नाव, कारण आणि औषध कागदावर आले होते : जमिनीतले पाणी चढते आहे, ते क्षार वर आणते आहे, निचऱ्याची सोय करा.

त्याच्याही आधी एका माणसाला याची चाहूल लागली होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. ऊस चार ठिकाणी विखुरलेला, पाणी वाटेत वाया जाते, खालच्या जमिनी बिघडतात, हे पाहून त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'ब्लॉक' पद्धत सुचवली. निचऱ्याच्या जमिनी निवडून त्यांचे गट पाडायचे. गटातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर ऊस, बाकीवर हंगामी पिके, आणि ही पाळी फिरती ठेवायची. बदल्यात बागाईतदाराला काही वर्षांच्या पाण्याची हमी. नीरेच्या पाटावर ही पद्धत आली. तिला बागाईतदारांचा विरोध झाला. मला ती योजना फार आवडते. पण तिचा एक दोष मला दिसतो. तिने ऊस मोजला, एकर मोजले, सोडायचे पाणी मोजले. रानातून परत निघणारे पाणी मोजणारी पट्टी मात्र पाटावर कुठेच नव्हती. पाट आखताना ओढ्या-नाल्यांवर पूल बांधले होते, म्हणजे पावसाचे पाणी पाटाला आडवे येऊ नये याची काळजी होती. खुद्द पाटाच्या पाण्याने परत कोठून जावे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो १९१६ मध्ये रीतसर विचारला गेला. मुंबई सरकारने पाटपाण्यासाठी एक खास विभाग काढला आणि तो क्लॉड इंग्लिस या आयरिश इंजिनियरकडे सोपवला. खडकवासल्यास आज जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिचे मूळ हे. धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृतींसाठी जगभर नाव झालेली ही संस्था मुळात आमच्यासारख्यांच्या चिबड रानांची चिंता करताना जन्मली, याची आठवण फार थोड्यांना असते. इंग्लिसच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने मुरुमाकडे लक्ष वेधले. लोक काळ्या मातीत चर खणत आणि तो कोरडाच राही. दोन हातांवर रान मात्र चिबड. कारण काळी माती पाणी सोडत नाही. जमिनीखालचे पाणी वाहते ते मुरुमातून. चर मुरुमापर्यंत पोचला, तरच त्याला पाणी लागते. आणि तो कोठे खणायचा, हे खालचा मुरूम कसा उतरत गेला आहे त्यावर ठरते, वरचे बांध कसे आहेत त्यावर नव्हे.

आता पेटीतल्या कागदाकडे येतो. आमची जमीन दोन तुकड्यांत होती. वरचे रान पाटाच्या बाजूस, त्यात ऊस. खालचे रान ओढ्याजवळ. मध्ये एका शेजाऱ्याचे नऊ एकर. १९२६ साली सरकारी खात्याने आमच्या शिवारात निचऱ्याचा एक चर आखला होता. तो शेजाऱ्याच्या बांधाला लागून, पण आमच्या हद्दीतून, वरच्या रानाच्या तळाने जाणार होता. वरून झिरपणारे पाणी तेथेच अडवून बाजूने ओढ्यात सोडायचे, असा बेत. त्या चराविरुद्ध आजोबांनी दिलेल्या अर्जाची ती नक्कल. अक्षर कारकुनाचे, खाली सही आजोबांची. "सदरहू चर माझे बागाईत रानातून गेल्यास चौदा गुंठे जमीन फुकट जाऊन उभा ऊस मोडेल. खालील रानास उपळ लागते ती पाटाचे गळतीमुळे असून माझे पाण्याचा तिच्याशी संबंध नाही. सबब सक्त हरकत आहे."

हरकत चालली असावी, कारण चर झाला नाही. पावत्या लावून पाहिल्या. वरच्या रानात सालोसाल ऊस. दोन वेळा ठरलेल्या क्षेत्राबाहेर पाणी घेतल्याचा दंड. शेजाऱ्याच्या रानाचा सारा खराब्यामुळे कमी झाल्याची नोंद १९३१ ची, आणि आमच्या खालच्या रानाची १९३८ ची. पाणी ढाळाने उतरत गेले. आधी त्याचे रान, मग आमचेच दुसरे. चौदा गुंठे वाचवताना शेजाऱ्याचे नऊ आणि आमचे सात एकर गेले. "नीरेनेच परत नेले," हे वाक्य मी ज्यांच्या मांडीवर बसून ऐकले, त्यांच्या सहीचा हा कागद.

मला दोन रात्री झोप आली नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. पण कागद पुन्हा पेटीत ठेवून द्यावा असे फार वाटले. आठवडाभराने तो घेऊन शेजाऱ्यांच्या वस्तीवर गेलो. त्या घरातले दोन भाऊ रान गेल्यावर मुंबईला गिरणीत गेले होते. मागे राहिलेल्याचा मुलगा, आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. ओसरीवर बसून त्यांना अर्ज वाचून दाखवला. ते शांतपणे तंबाखू मळत राहिले.

"गुरुजी, हे आम्हाला ठावं हाय," ते म्हणाले. "आमची आजी सांगायची. वरच्यांनी चर होऊ दिला न्हाई म्हणून."

"मग नाना, इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

"बोलून काय करायचं? कागद तुमच्याकडं, आन् रान आमच्याकडं." जरा थांबून ते म्हणाले, "आन् आमच्या वर तुम्ही, तशे आमच्या खाली बी कुणी हायेच की. आमी तरी कुठं कुणाला इचारलं?"

या शेवटच्या बोलण्याचा मी पुष्कळ विचार केला. कारण शिवाराची गोष्ट येथे नदीची होते. भाटघरला १९२८ च्या सुमारास पहिल्याहून कितीतरी मोठे धरण पुरे झाले, लॉइड धरण. जुने धरण त्याच्या पाण्यात गेले. उजव्या तीरावरही पाट निघाला आणि फलटण-माळशिरसचे माळ बागाईत झाले. १९३२ मध्ये साखरधंद्याला संरक्षण मिळाले, तेव्हा खोऱ्यात कारखाने उभे राहू लागले. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. त्याच १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि तेथील शास्त्रज्ञांनी पाटाखालच्या मातीचे प्रकार पाडून कोणत्या मातीला किती पाणी सोसते, हे पाहायला सुरुवात केली. १९६५ मध्ये वीर धरण झाले. ऊस वाढत गेला, रासायनिक खते आली, पाटाला विहिरींची, विहिरींना विंधनविहिरींची जोड मिळाली. रान बिघडले नाही ते मुख्यतः जेथे मुरूम उथळ आणि ढाळ चांगला तेथे. म्हणजे पुण्याई जमिनीची, श्रेय मात्र आपण घेतले.

या सगळ्यात नदीचे जे झाले ते सहसा कोणी नीट सांगत नाही. वीरच्या खाली नीरेचे उन्हाळी पाणी पाटांत वळवलेले असते. तरीसुद्धा पूर्वी माघात कोरडी पडणारी नदी आता खाली सोनगावकडे उन्हाळ्यातही ओली दिसते. हे पाणी कुठले? त्यात पाळीबरोबर सोडलेले काही असते. पण पुष्कळसे दोन्ही तीरांच्या रानांतून, ओढ्यांतून, चरांतून झिरपून आलेले असते. भोरच्या डोंगरात पडलेला पाऊस आधी उसात जातो आणि मग नदीत येतो. येताना रानातले क्षार, उसाला न लागलेला युरिया नायट्रेटच्या रूपाने, आणि फवारलेली औषधे घेऊन येतो. नायट्रेट रंगही दाखवत नाही आणि चवही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर ते नसावे, असे आपले मानक सांगते. यात कारखान्यांचे मळीचे पाणी मिसळते तेव्हा मात्र रंग दिसतो, वास येतो, मासे मरून काठाला लागतात आणि वर्तमानपत्रांत बातमी येते. प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. कारखान्याच्या नळाला तो निदान बोट दाखवू शकतो. हजारो रानांतून झिरपणाऱ्या पाण्याला नळ कुठला? आणि कारखान्यावर मोर्चा नेणाऱ्यांत मीही एकदा होतो. आपल्या बांधावर कोणी मोर्चा आणील, हे मनात आले नाही.

नीरेला दोन मोठी स्नाने घडतात. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी वाल्ह्याहून लोणंदला जाताना नीरा गावी पादुकांना नदीत स्नान घालतात. तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरकडून येते आणि त्यांच्या पादुकांना अकलूजच्या अलीकडे, सराटीला, नीरास्नान होते. एक स्नान उसाच्या पट्ट्याच्या वरच्या तोंडाशी, दुसरे त्याच्या शेपटाशी. आषाढात नदीला नवे पाणी असते, तेव्हा फरक फारसा कळत नाही. म्हणून मी फाल्गुनात दोन्ही घाटांवर गेलो आणि एकेक बाटली पाणी भरून आणले. प्रयोगशाळा माझ्याजवळ नव्हती, स्वयंपाकघर होते. दोन सारख्या कढया घेऊन सारखे पाणी आटवले. नीरेच्या कढईत तळाला धुरकट डाग राहिला. सराटीच्या कढईत पांढरा, किंचित पिवळट थर बसला आणि तो नखाने निघाला. पत्नीने कढई धुण्यापूर्वी मी तो जिभेवर ठेवून पाहिला. आधी खारट, मग कडवट. साठ वर्षांपूर्वीची चव मी ओळखली.

गेल्या वर्षी आमच्या शिवारात जमिनीखालून सच्छिद्र नळ्या घालण्याचे काम झाले. आता चर उघडा ठेवावा लागत नाही; मुरुमाच्या अंदाजाने नळ्या पुरतात, वरून पीक घेता येते. माझा पुतण्या आणि नानांचा नातू या दोघांनी मिळून ते केले. मुख्य नळी वरच्या रानाच्या तळाने, त्या जुन्या चराच्याच जागेवरून नेली. मुलांनी तो अर्ज वाचला नव्हता, माप घेणाऱ्याने रेषा तेथेच टाकली. चौदा गुंठे कोणाचेच गेले नाहीत. जिप्सम टाकले, एक पावसाळा धैंचा करून गाडला, आणि नानांच्या रानात या रब्बीला गुडघाभर गहू उभा राहिला. नाना काठी टेकीत बांधापर्यंत आले आणि बराच वेळ काही न बोलता उभे राहिले.

नळीचे तोंड ओढ्यात सोडले आहे. पाणी बोटाएवढ्या धारेने, पण अखंड येते. दिसायला काचेसारखे निर्मळ. नानांच्या पणतूने ओंजळ भरून तोंडाला लावली, तोंड वाकडे करून थुंकून टाकली आणि हे पाणी असे का, म्हणून मला विचारले. मी त्याला रानातला खार धुऊन कसा निघतो ते समजावून सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता हे कुठं जाणार, आजोबा?"

ओढा तेथून नीरेला मिळतो. मी त्याला हाताने दिशा दाखवली.